दोराची करकर

२ ऑगस्ट

ति. बाबांस,
बडबडीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. शेवटी आईने चार ओळी घातल्या होत्या, त्यात तीन सूचना आणि एक टोमणा होता, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत आहे. माझीही आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीची एक काच फुटलेली आहे, तिथे मी वहीचा पुठ्ठा लावलाय. फोन करत जा असं आई म्हणते, पण तुम्हाला तो ऐकू येत नाही, आणि ती तुमच्यासाठी ओरडून परत सांगते ते तुम्ही सोडून अख्ख्या जिन्याला ऐकू जातं. त्यापेक्षा पत्रच बरं.

तुम्ही विचारलंत, विद्यापीठात लिहायला शिकवतात म्हणजे नक्की काय शिकवतात, बाराखडी तर मीच शिकवली होती. सांगते. सकाळी सर्जनशील लेखन, दुपारी व्यावसायिक. म्हणजे सकाळी गोष्टी लिहायच्या आणि दुपारी अर्ज, अहवाल, यंत्र कसं चालवावं त्याच्या सूचना. सकाळच्या वर्गाची रीत अशी, की ज्याची गोष्ट वाचतात त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीचे बाराजण चिरफाड करणार आणि लिहिणाऱ्याने गपगुमान ऐकायचं. मला तासभर गप्प बसवलं, बघा! आमच्या बाईंना आम्ही कात्री म्हणतो. त्या म्हणाल्या, तुझ्या लिखाणात दिसतं सगळं, पण ऐकू काहीच येत नाही, मुकं लिहितेस. शिवाय तुझी माणसं फार शहाणी आहेत, एखादी चूक करू दे त्यांना, चुकलं की माणूस जिवंत होतो. ऐकू न येणं आमच्या घरचंच आहे असं जिभेवर आलं होतं, पण तोंड उघडायची बंदी.

कानाची यंदाची तपासणी झाली का? की कंपनीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांनी याही वर्षी नुसतीच सही ठोकली? हसण्यावारी नेऊ नका, बाबा. कानात यंत्र दिसलं की क्रेनवरून उतरवतील हे मलाही कळतं. पण गवईकाका खालून हातांनी सगळं सांगतात म्हणून आठ वर्षं निभावलं. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि बाबांपुढे तुमचं गाणं फुकट जातंय म्हणावं.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
तुमची,
बडबडी

१९ ऑगस्ट

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

वाईट बातमी आहे. गवई गेला. काल सकाळी, पाळी सुरू होताना. माझ्या क्रेनखाली.

तुला सगळं कळवायला हवं, कारण तुझ्याकडे काम आहे. दिवसाची पहिलीच उचल होती. भट्टीचे पंखे लागले नव्हते, शेड शांत होती असं सगळे म्हणतात, मला काय, सारखंच. ओतकामाचा लोखंडी साचा, तीन टनाचा. गवईने हुक लावला, हात वर केला, मी उचलायला लागलो. साचा जरा हेलकावला म्हणून त्याने दोन्ही हात साच्यावर ठेवले. तोंड चालू होतं. मी हळूहळू वर घेत होतो. दोर तुटला. पुढचं लिहीत नाही.

एकवीस वर्षं आम्ही बरोबर काढली. डबा एका बाकावर खाल्ला. मला ऐकू येत नाही हे शेडमध्ये त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं आणि त्याने ते बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

सोमवारपर्यंत कंपनीला माझा लेखी जबाब हवाय. कचेरीतला कारकून म्हणाला, मी लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा. मी नको म्हणालो. त्या लोकांनी लिहिलेलं आपल्याला कळत नाही. तू तेच शिकते आहेस, तेव्हा तू लिही, मी माझ्या अक्षरात उतरवून काढीन. कानाचं काही घालू नकोस. लगेच पाठव.

ता. क. – ते जेवत नाहीत. कालपासून हात सारखे धुताहेत. तू नीट लिही गं. – आई

तुझे बाबा

२१ ऑगस्ट

ति. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

काय लिहू? गवईकाका मला खांद्यावर घेऊन शेडचं फाटक दाखवायचे ते आठवतंय. मी आज वर्गात गेले नाही.

जबाब सोबत आहे. चार वेळा लिहिला. कचेरीतल्यासारखा कोरडा ठेवला नाही, कारण मला वाटलं वाचणाऱ्याला ते दोघं माणूस म्हणून दिसावेत, एक क्रेनवाला आणि एक हेल्पर एवढंच नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं आहे, फक्त एकदोन जागी जरा जीव ओतलाय. शेवटचा भाग असा झाला आहे: ‘गवई नेहमीप्रमाणे गात होता. त्याचा आवाज शेडभर जायचा. तेवढ्यात वर दोराची बारीक करकर ऐकू आली. मला वाटलं, रोजचीच असेल. आणि दोर तुटला.’

कानाचं कुठे काही नाही. उलट ऐकण्याचा उल्लेख आहे म्हणजे कुणाला शंकाही येणार नाही. आजच्या आज पोचेल असं पाठवते आहे. तुम्ही जेवा. आईला त्रास देऊ नका.

मायेत अंतर पडू नये.
तुमची,
बडबडी

३१ ऑगस्ट

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

जबाब उतरवला, सही केली, दिला. कारकून वाचून म्हणाला, तुम्ही तर लेखक निघालात.

एक गोष्ट झाली ती तुला सांगतो. गवईच्या बायकोने जबाबाची नक्कल मागून घेतली. वहिनींना तुझी आई भेटायला गेली तेव्हा त्यांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. म्हणाल्या, मला वाटत होतं शेवटी घाबरला असेल, ओरडला असेल. पण नाही, गातच होता. आठवड्यात पहिल्यांदा मला झोप लागली म्हणाल्या. रोज एकदा वाचतात.

तुझ्या लिहिण्याने एका माणसाला एवढा आधार मिळाला. मी तुला कधी शाबासकी दिली नसेन, ती आज देतो.

ता. क. – दोन घास जातात आता. पण घरात कुणी मोठ्याने बोललं की तोंडाकडे टक लावून बघत बसतात. माझ्यासुद्धा. मेलं, तीस वर्षांत कधी एवढं बघितलं नाही. – आई

सगळ्यांचा लोभ आहे तसाच आहे.
तुझे बाबा

१६ सप्टेंबर

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

कंपनीने मला आरोपाचा कागद दिलाय. लिहिलंय की दोर तुटण्याआधी आवाज ऐकूनही चालकाने ‘रोजचाच असेल’ म्हणून काम थांबवलं नाही, त्यामुळे मृत्यू ओढवला. खाली माझ्याच जबाबातली ओळ टाचलीय. कामावरून घरी बसवलंय. चौकशी होईल आणि मग पोलिसांकडे जाईल म्हणतात.

तो दोर दीड वर्षापूर्वी बदलायचा होता. मी आणि गवईने दोनदा सांगितलं होतं, तोंडी. आता दोष माझ्यावर आला म्हटल्यावर दोर कोण तपासतंय? शेजारच्या शेडच्या क्रेनला त्याच खेपेचा दोर आहे, त्याखाली माणसं रोज उभी राहतात.

तुला रागावत नाही. एवढंच विचारतो, ती करकर तू कुठून आणलीस? आणि ‘रोजचीच असेल’ हे?

तुझे बाबा

१९ सप्टेंबर

ति. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मनाने आणली. दुसरं उत्तर नाही. कात्रीबाई म्हणाल्या होत्या ना, ऐकू येऊ दे, माणसाला चुकू दे. मी तुमच्या जबाबाची गोष्ट केली, बाबा. तुम्हाला ऐकू येत नाही हे जगात मला जेवढं माहीत आहे तेवढं कुणाला नाही, आणि मीच तुम्हाला ऐकायला लावलं. लिहिताना मला छान वाटलं होतं. हे कबूल करायची लाज वाटते, पण वाटलं होतं. शेवटची ओळ जमली म्हणून मी एकटीच उठून खोलीत फिरले होते.

दुपारचे सर आधी एका वर्तमानपत्रात होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, गोष्टीत वाक्य खोटं निघालं तर गोष्ट पडते, जबाबात खोटं निघालं तर माणूस पडतो, हे मी तुम्हाला पहिल्या तासाला सांगायला हवं होतं. त्यांनी सांगून काय, मला अक्कल नको होती?

मी येते. चौकशी अधिकाऱ्यासमोर सांगते की जबाब मी लिहिला, ती दोन वाक्यं माझ्या डोक्यातली आहेत. तुमचे कान मोठ्या दवाखान्यात तपासून घेऊ. तुम्हाला ते ऐकूच येणं शक्य नव्हतं हे सिद्ध होईल, आणि मग त्यांना दोर तपासावा लागेल. तुम्ही फक्त हो म्हणा.

माझ्यावर लोभ राहिला असेल तर लवकर कळवा.
बडबडी

२४ सप्टेंबर

चि. बडबडीस,
आशीर्वाद.

नाही.

तुला वाटतं बहिरा ठरलो की सुटेन. अगं, बहिऱ्याने आठ वर्षं क्रेन चालवली, लपवून, हे काय कमी आहे? कंपाउंडरची नोकरी जाईल, त्याला दोन मुली आहेत. आणि लोक म्हणतील, धड कानाचा माणूस असता तर गवई वाचला असता. ते खोटं आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

शिवाय वहिनी. मला करकर ऐकू आली नाही असं सांगितलं तर गाणंही ऐकू आलं नाही. एकाच कानाची गोष्ट आहे ती. त्या बाईकडे राहिलंय काय, तो एक कागद. तो मी काढून घेणार नाही आणि तुलाही घेऊ देणार नाही. मी म्हणेन, हो, ऐकलं. माझं वय झालंय, जे व्हायचं ते होईल.

तू तिकडेच राहा आणि अभ्यास कर. हा विषय संपला.

तुझे बाबा

२८ सप्टेंबर

ति. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं मोडते आहे, आयुष्यात पहिल्यांदा. चौकशी अधिकाऱ्यांना मी काल पत्र पाठवलं. त्यात सात वाक्यं आहेत आणि एकही सजवलेलं नाही. जबाब मी लिहिला, त्यातलं ऐकण्याचं सगळं मी रचलं, माझ्या वडिलांना आठ वर्षांपासून ऐकू येत नाही, त्यांची तपासणी करावी, दोन्ही शेडचे दोर तपासावेत.

तुम्ही म्हणाल, तुला विचारलं कुणी? कुणी नाही. पण तुम्हीच लिहिलंत ना की शेजारच्या दोराखाली माणसं उभी राहतात? वहिनींचं मी विसरले नाही. त्यांचं मी वाईट केलं, हे धरून चालले आहे.

शिक्षण सोडावं असं मनात आहे. ज्या हाताने हे केलं त्याने पुन्हा काय लिहायचं? आज वर्गात माझी पाळी होती. मी कोरा कागद दिला आणि कशामुळे ते सांगितलं. रीतीप्रमाणे पुढे बाकीच्यांनी बोलायचं असतं. कात्रीबाईंनी तास तिथेच संपवला.

रागवा, बोलू नका माझ्याशी, पण औषध चुकवू नका.
बडबडी

२० ऑक्टोबर

चि. बडबडीस,
आईचे आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिते आहे, कारण ह्यांनी तुझं पत्र आल्यापासून लेखणी धरली नाही. अक्षर लागलं नाही तर तुझं नशीब.

ह्यांना दवाखान्यात नेलं. पाठीमागे उभं राहून डॉक्टरने काय काय वाजवलं, हे आपले भिंतीकडे बघत बसले. डावा कान पार गेलाय, उजव्यात थोडी धुगधुगी आहे. नोकरी गेली. कंपाउंडरचीही गेली, त्याची बायको मला जिन्यात भेटली तेव्हा तोंड फिरवून गेली. दोन्ही दोर आतून कुजलेले निघाले, शेजारचा तर म्हणे आज तुटला असता की उद्या. ते बदलले. मोठ्या साहेबावर आणि ह्यांच्यावर, दोघांवर खटला आहे. तेव्हा तुझ्या पत्राने चांगलं झालं की वाईट, मला काही सांगता येत नाही. शेजारच्या शेडमधला एकजण येऊन ह्यांच्या पाया पडून गेला. हे त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

काल गवईची बायको आली. ती प्लास्टिकची पिशवी हातात. म्हणाली, सगळे म्हणतात हा कागद खोटा आहे, मग खरं काय ते मला ह्यांच्या तोंडून ऐकायचंय. बोललेलं ह्यांना ऐकू जात नाही म्हणून तिने माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि कागदाच्या मागे लिहिलं, गात होता का? ह्यांनी ते वाचलं आणि मला चहा टाक म्हणाले. मी गेले. चहा घेऊन आले तेव्हा ती निघाली होती. रडत होती, पण माझ्या गालाला हात लावून गेली. काय बोलले ते मला सांगत नाहीत. तूच विचारून बघ.

शिक्षण सोडण्याचं खूळ डोक्यातून काढ. एवढं होऊन घरात बसून करणार काय, माझ्याबरोबर भांडी घासणार?

माया आहे, ती सांगायला मला तुझ्यासारखं येत नाही.
आई

२३ ऑक्टोबर

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई बाजारात गेली आहे. ती यायच्या आत हे पत्र पेटीत पडायला हवं, तेव्हा थोडक्यात लिहितो.

वहिनींना मी सांगितलं, माझे कान गेलेत, डोळे नाहीत. मी त्याच्याकडेच बघत होतो. गात होता. त्यांनी कागदावर बोट ठेवून दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

आता खरं काय ते तुला सांगतो. मी आठ वर्षं त्याचं गाणं बघत आलो. गाताना त्याची मान डावीकडे झुकायची आणि डोळे अर्धवट मिटायचे. त्या दिवशी मान ताठ होती आणि डोळे सताड उघडे, माझ्यावर. दोन्ही हात साच्यावर अडकलेले. साचा हेलकावत होता, सोडला असता तर त्याच्याच अंगावर आला असता. म्हणून त्याला हाताने सांगता आलं नाही. तो ओरडत होता. मला वाटलं, आज सकाळी सकाळी वरची पट्टी लावलीय गड्याने. मी त्याच्याकडे बघून हसलो आणि साचा आणखी वर घेतला.

खाली उतरलो तेव्हाच मला हे कळलं. तुला लिहिलं तेव्हा ‘तोंड चालू होतं’ एवढंच लिहिलं, पुढचं लिहायला हात गेला नाही. तू त्याचं गाणं केलंस. वाचलं आणि मला सुटल्यासारखं झालं, म्हणून ते मी मुकाट्याने उतरवून काढलं. ती करकरही खोडली नाही. तेव्हा सगळं आपल्या माथी घेऊन बसू नकोस. करकर झालीच असणार. ती त्याला ऐकू आली आणि त्याने मला सांगितली.

शिक्षण पुरं कर. पुढे कुणाचा जबाब लिहायची वेळ आली तर त्याला एकदा विचारून थांबू नकोस, परत विचार. मी तुला सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही.

हे वर्गात वाचायचं नाही. गोष्टीत घालायचं नाही, नावं बदलूनही नाही. आणि उत्तरात यातलं अवाक्षर नको, हवापाण्याचं लिही. तुझी पत्रं आधी तुझी आई उघडते.

लोभ ठेववला तर ठेव.
तुझे,
बाबा